इतिवृत्त

नोटीस लावली होती जिन्याखालच्या फळ्यावर,
वाळूच्या लाल बादल्यांच्या मागे.
बुधवार, सकाळी अकरा.
म्हणजे कोणी येऊ नये याची सगळी तजवीज.
तरी माणसं आली.
चाळीस खुर्च्या पुरल्या नाहीत,
शिपाई गुंजाळ समोरच्या लग्नाच्या हॉलमधून
लाल मखमली मागून घेऊन आला.

मी टेबलाच्या टोकाला.
काम एवढंच : कोण काय बोललं ते लिहायचं.

भिंतीवर नकाशा. त्यात वाघजाईचं तळं पांढरं,
भोवती सिमेंटची जाड काळी रेघ,
खाली बारीक अक्षरात 'सुशोभीकरण, टप्पा एक'.
सल्लागार म्हणाले, क्षेत्रफळ एक पूर्णांक दोन हेक्टर.
"कंच्या महिन्यात?"
मागून एक बाई. नाव विचारलं.
चांगुणा धोदडे, राहणार तळ्याच्या वरचा पाडा.
"भादव्यात ते आमच्या उंबरापातुर येतं,
वैशाखात मधला खडक उघडा पडतो.
तुमी कवा मापलंत?"
सल्लागारांनी चष्मा पुसला.
मी लिहिलं : उत्तरादाखल चष्मा पुसला.
मग ते खोडलं.

सायमन परेरा, निवृत्त फिटर, रविवारी गळ टाकतात :
भिंत नको. कडेच्या गवतात मरळ पिल्लं राखते,
भिंतीला कुठली माया.
टिळेकरबाई, इमारत क्रमांक चार :
मरळीचं ठीक, आमच्या गुडघ्यांचं काय?
चालायला वाट हवी, दिवे हवेत,
अंधारात बायकांनी फिरायचं कसं?
मंडळाचा निनाद : आणि गणपती कुठे न्यायचे, डोक्यावर?
मुमताज शेख उभी राहिली ती बसेचना.
आमच्या गोधड्यांचा साबण सगळ्यांना दिसतो,
नळाला पाणी वीस मिनिटं येतं ते कोणाला दिसत नाही.

मग सगळे एकदम.
माझं पेन मागे पडलं.

कोणीतरी ओरडलं, हात वर करा, मोजून टाका.
साहेब म्हणाले, नियमात हात नाहीत.
तरी झाले वर.
भिंत नको म्हणणारे एकसष्ट,
दिवे हवेत म्हणणारे चव्वेचाळीस,
आणि कितीतरी हात दोन्हीकडे तेच.
गुंजाळचाही एक, अर्धवट,
मग खुर्ची सरकवायची आठवण झाल्यासारखा खाली.

दुपारी साहेब म्हणाले, एक पान पुरे.
'चर्चा झाली. नागरिकांनी एकमताने स्वागत केले.'
आमच्या संगणकाला सवय आहे,
'ए' दाबला की पुढचं 'कमताने' तो आपणच भरतो.
सतरा वर्षं मीही भरू दिलं.

बुधवारी पुसलं.
पुन्हा आलं. पुन्हा पुसलं.

सात पानं झाली.
कोणाचं कोणाशी पटलं नाही, ते नावानिशी.
एकसष्ट आणि चव्वेचाळीस, दोन्ही आकडे.
एक गोष्ट मात्र लिहिता आली नाही,
ती सुनावणीच्या वेळेनंतरची :
खालच्या टपरीवर परेरा आणि टिळेकरबाई
अजून भांडत होते,
सांडलेल्या चहात बोट बुडवून
टेबलावर तळ्याचा काठ काढत होते.
बाई वाट थोडी वर सरकवायच्या,
परेरा गवत थोडं खाली.
मुमताज म्हणाली, मधे पायऱ्या ठेवा, माझ्यापुरत्या.
चांगुणाबाई बघत होत्या. म्हणाल्या,
अजून मोठं काढा. पाऊस यायचाय.
टपरीवाल्याने फडकं मारलं.

साहेबांनी पानं उलटली, पहिल्यावरच थांबले.
"कुठल्या महिन्यात, हा प्रश्न ठेवायचाय?"
म्हटलं, उत्तर आलेलं नाही, साहेब.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

फाईल अजून त्यांच्या टेबलावर आहे,
सही नाही, नकारही नाही.
आता चैत्र संपतोय.
सतरा वर्षं ही बस तळ्यावरून जाते
आणि मी कधी त्या बाजूच्या खिडकीत बसले नव्हते.
काल एक थांबा आधी उतरले.
खडकाचा माथा दिसायला लागलाय,
ओला, हाताच्या पंजाएवढा.
वहीत तारीख टाकली.